गोधडीतील ऊब

पौष महिना लागला की देशावरील खेड्यांत दिवेलागणीपासूनच थंडी जाणवू लागते. अंगणात शेकोटी पेटते, म्हातारी माणसे तिच्याभोवती हात शेकत बसतात, रात्रीची जेवणे लवकर आटोपतात आणि घरातील लहानमोठी सर्वच माणसे अंथरुणाची वाट धरतात. अंथरुणात शिरल्यावरचा पहिला क्षण मात्र मुळीच सुखाचा नसतो. गोधडी गार लागते, उशी गार लागते, पायांची बोटे तर आपली नव्हेतच असे वाटते. एखादे मूल कुरकुरते, "आजी गं, ही गोधडी किती गार आहे!" आजी म्हणते, "जरा गप पडून राहा, आत्ता ऊब येईल बघ." आणि खरोखरच, दहापंधरा मिनिटे गेली की तीच गोधडी इतकी उबदार होते की सकाळी तिच्यातून बाहेर पडणे जिवावर येते.

ही ऊब आली कोठून? गोधडीत विस्तव नाही, अंथरुणाखाली चूल नाही. दिवसभर घडी करून ठेवलेली गोधडी खोलीइतकीच गार होती. मग तिच्यात उष्णता शिरली कशी?

याचे उत्तर एका साध्या गोष्टीवरून मिळते. उन्हाळ्यात बर्फाची लादी विकणारा माणूस ती लाकडाच्या भुशात ठेवतो आणि वर गोणपाट गुंडाळतो. गोणपाटाने बर्फ तापत नाही. उलट तो अधिक वेळ टिकतो. उद्या कोणी बर्फाचा खडा जाड घोंगडीत गुंडाळून ठेवला, तर तोही उघड्यावरच्या खड्यापेक्षा उशिरा वितळेल. घोंगडीत स्वतःची उष्णता असती, तर बर्फ लवकर वितळायला हवा होता. म्हणजे घोंगडी काय, गोधडी काय, या वस्तू उष्णता निर्माण करीत नाहीत. त्या उष्णतेची वाट अडवतात. बाहेरची उष्णता आत येऊ देत नाहीत, तशीच आतली बाहेर जाऊ देत नाहीत. अंथरुणातील ऊब ही झोपणाऱ्याची स्वतःचीच असते. गोधडी तिची केवळ राखण करते.

माणसाचे शरीर ही एक न विझणारी शेगडीच आहे. खाल्लेल्या अन्नाचा श्वासातून आलेल्या प्राणवायूशी संयोग होऊन शरीरात अखंड उष्णता उत्पन्न होते. निरोगी माणसाच्या शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते, आणि बाहेर कडाक्याची थंडी असो वा वैशाखवणवा असो, ते फारसे बदलत नाही. गाढ झोपलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातूनही दर तासाला साधारणपणे ६० ते ७० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. विजेच्या जुन्या पिवळ्या दिव्यांपैकी ६० किंवा ७५ वॉटचा दिवा जेवढी ऊर्जा खर्च करी, तेवढीच ही जवळजवळ आहे. अशा पेटत्या दिव्याजवळ हात नेला की चटका बसे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. एवढी उष्णता रात्रभर जवळ असताना माणसाला थंडी वाजावी, याचे कारण एकच : ती येते तशीच निघून जाते.

ती जाते तीन वाटांनी. गार वस्तूला अंग टेकले की उष्णता त्या वस्तूत शिरते. याला वहन म्हणतात. अंगाजवळची हवा तापून हलकी होते, वर निघून जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. हे अभिसरण होय. तिसरी वाट प्रारणाची. मध्ये कोणताही पदार्थ नसला तरी तापलेली वस्तू उष्णता बाहेर टाकीत असते. शेकोटीपासून दूर बसलेल्याच्या तोंडाला धग लागते ती प्रामुख्याने अशीच. याखेरीज श्वासाबरोबर आणि घामाच्या बाष्पाबरोबर जाणारी उष्णता निराळी.

या वाटा अडवण्यास सर्वांत उपयोगी पडणारी वस्तू फुकट मिळते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ती वस्तू म्हणजे हवा. मात्र ती स्थिर असली पाहिजे. वाहती हवा उष्णता पळवते. कोंडलेली, न हलणारी हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. पाण्यातून उष्णता जितक्या सुलभतेने वाहते, त्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्यानेच ती स्थिर हवेतून वाहते. लोखंडाशी तर तुलनाच नको. कापूस, लोकर, पिसे यांचे मोठेपण मुख्यतः यातच आहे की, ती आपल्या असंख्य तंतूंमध्ये हवेला अडकवून ठेवतात आणि तिला हलू देत नाहीत.

ही गोष्ट प्रयोगाने दाखवणाऱ्यांत बेंजामिन थॉम्प्सन हे नाव प्रमुख आहे. काउंट रम्फर्ड या नावाने ते अधिक ओळखले जातात. ते जन्माने अमेरिकेतले, पण बव्हेरियाच्या राजदरबारी नोकरीस होते. सैनिकांना कोणते कापड अधिक उबदार पडेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी एका काचेच्या गोळ्यात तापमापक बसवला. तापमापक आणि काच यांच्यामधील जागेत कधी रेशीम, कधी लोकर, कधी कापूस, कधी पिसे भरली. मग तो गोळा उकळत्या पाण्यात तापवून बर्फाच्या पाण्यात धरला आणि पारा ठरावीक खुणेपर्यंत उतरण्यास किती वेळ लागतो हे मोजले. तंतूंमध्ये अडकलेली हवा हीच उष्णतेला अडवते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उष्णतेवरील त्यांच्या निबंधांबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीने १७९२ साली त्यांना कॉप्ली पदक दिले.

महाराष्ट्रातील आज्यांना हा निष्कर्ष कोणी सांगितला नव्हता. तरीही गोधडी शिवताना त्या त्याप्रमाणेच वागत आल्या आहेत. जुनी लुगडी, विरलेली धोतरे, लहान झालेली झबली, फाटक्या चादरी असे जे काही घरात असेल ते धुऊन, उन्हात वाळवून घ्यावयाचे. अंगणात किंवा ओसरीवर एक मोठे लुगडे अंथरायचे, वारा उडवू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, त्यावर एकावर एक कापडाचे थर पसरायचे, ठिगळे जुळवायची आणि वर दुसरे लुगडे घालून सगळे धावदोऱ्याने शिवून काढायचे. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावांत हिलाच वाकळ म्हणतात. टाके जवळजवळ आणि सरळ रांगेत घालणाऱ्या बाईचा हात गावात वाखाणला जातो, तो केवळ शोभेसाठी नव्हे. टाके थरांना जागच्या जागी धरून ठेवतात. ते नसते तर आतील चिंध्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या असत्या आणि उरलेली गोधडी पोकळ राहिली असती. टाक्यांच्या दोन ओळींमध्ये कापड किंचित फुगते. त्या फुगवट्यात आणि थराथरांमध्ये हवा बसते. पाच थरांच्या गोधडीत कापडाच्या मध्ये हवेचे चार थर असतात, हे मोजायला कोणी बसत नाही. पण एका जाड कापडापेक्षा चार पातळ कापडे एकत्र अधिक ऊब देतात, हे घरोघरी ठाऊक असते.

कापसाच्या गादीची आणि रजईची कथा थोडी निराळी आहे. नवी रजई फुगलेली असते, म्हणून उबदार असते. वर्षानुवर्षे वापरून तिच्यातला कापूस दबतो, त्याचे गठ्ठे होतात, हवा निघून जाते. कापूस तेवढाच असतो, वजनही तेवढेच असते, पण ऊब मात्र उरत नाही. अशा वेळी पिंजाऱ्याला बोलावीत. खांद्यावर धनुष्यासारखे पिंजण घेऊन तो गल्लीतून जाऊ लागला की त्याच्या तातीच्या टणत्काराने मुले गोळा होत. तो रजई उसवून कापूस पिंजे आणि पाहता पाहता मूठभर कापसाचा ढीग होई. पिंजारी कापसात नवे काहीच घालीत नसे. तो निघून गेलेली हवा परत आणीत असे. आता हे काम बहुतेक ठिकाणी यंत्रावर होते, आणि दारावर येणारा पिंजारी क्वचितच दिसतो.

घोंगडी ही धनगरांची देणगी. दख्खनी मेंढ्यांची लोकर कातरून, तिचे सूत कातून, त्याला चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणतात. ती अंगाला टोचते, ही मुलांची तक्रार खरी आहे. दख्खनी लोकर जाडीभरडीच असते. परंतु लोकरीच्या तंतूला नैसर्गिक वळ्या असतात, त्यामुळे तिच्यात हवा चांगली अडकते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतके बाष्प शोषून घेते, तरीही हाताला ओली लागत नाही. रात्री उघड्यावर दव पडत असताना मेंढपाळ घोंगडी पांघरून बसतो, त्यामागे हा गुण आहे. आज बाजारात कृत्रिम धाग्यांची मऊ, रंगीत ब्लँकेटे स्वस्तात मिळतात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांच्या लवीतही तीच हवा कोंडलेली असते. विस्तवाजवळ मात्र ती जपून वापरावी लागतात, कारण असा धागा पेटला तर वितळून अंगाला चिकटतो. लोकर सहसा पटकन पेट घेत नाही.

पांघरुणाचा विचार सगळेच करतात. अंथरुणाचा विचार फार थोडे करतात. वास्तविक पाहता, निम्मी लढाई खालच्या बाजूस असते. शरीराच्या भाराने गादी दबते, तिच्यातील हवा निघून जाते आणि खालून जमीन उष्णता ओढू लागते. शहाबादी फरशी या कामी फार तत्पर. शेणाने सारवलेली भुई त्या मानाने सौम्य. म्हणूनच गरिबाच्या घरी चार गोधड्या असल्या तर जाणती बाई दोन खाली घालते आणि दोन वर घेते. चारही अंगावर घेऊन फरशीवर निजणाऱ्यापेक्षा तिला अधिक ऊब मिळते. सुंभाने विणलेल्या बाजेवर निजणाऱ्याला जमिनीचा स्पर्श नसतो. पण बाजेखालून वारा खेळतो, तेव्हा तिच्यावरही तरट किंवा घोंगडी अंथरावीच लागते. कोकणात भाताचा पेंढा याच कामी येतो. पेंढ्याची प्रत्येक काडी पोकळ असते, आणि त्या पोकळीत काय असते हे आता सांगावयास नको.

थंडी वाजली की मूल आपोआप गुडघे पोटाशी घेते आणि अंगाचे मुटकुळे करते. कुत्राही शेपटीत नाक खुपसून वेटोळे घालतो. दोघांनाही गणित येत नसले तरी दोघांचे उत्तर बरोबर असते : शरीर तेवढेच, पण हवेला उघडा पडणारा त्याचा पृष्ठभाग कमी झाला. लहान मुलांच्या शरीराचा पृष्ठभाग त्यांच्या वजनाच्या मानाने मोठ्यांहून अधिक असतो. म्हणून ती लवकर गारठतात, आणि म्हणूनच दोन भावंडे एका गोधडीत निजली की दोघांनाही बरे वाटते. दोघांच्या एकमेकांना लागलेल्या बाजूंनी उष्णता फारशी जात नाही. पांघरूण ओढण्यावरून भांडण झाले, तर मात्र हा सगळा लाभ जातो.

पायांची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. शरीर थंडीत आपल्या हृदयाची, मेंदूची आणि पोटाची आधी काळजी घेते. हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि तेथे रक्त कमी जाते. म्हणून पाय बर्फासारखे पडतात. पण झोप येण्याच्या सुमारास शरीराला याच्या उलट करावयाचे असते. त्या वेळी हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतील थोडी उष्णता तेथून बाहेर सोडली जाते. शरीराचे आतील तापमान किंचित उतरते आणि डोळा लागतो. पाय गारठलेले असले की ही क्रिया अडते आणि माणूस कुशी बदलत राहतो. निजण्यापूर्वी पायमोजे घालणे किंवा पाय कोमट पाण्याने धुऊन नीट पुसणे, यांचा उपयोग यासाठी होतो. गरम पाण्याची रबरी पिशवी पायथ्याशी ठेवण्याची रीतही चांगली आहे. एक लिटर पाणी ६० अंशांवरून ३५ अंशांपर्यंत निवताना २५ किलोकॅलरी उष्णता देते. तेवढ्याच वजनाचे तापवलेले लोखंड त्याच्या सुमारे नवव्या हिश्श्याइतकीच देईल. पिशवीचे झाकण घट्ट असावे आणि ती टॉवेलात गुंडाळलेली असावी, कारण झोपलेल्या माणसाला भाजल्याची जाणीव उशिरा होते.

डोक्यावरून पांघरूण घेऊन निजण्याची सवय अनेकांना असते. कान झाकले तर हरकत नाही. कानटोपी त्यासाठीच आहे. नाकतोंड मात्र मोकळे हवे. आत सोडलेला श्वास तेथेच कोंडतो, हवा जड होते, आणि श्वासातील बाष्पाने पांघरूण दमट होते. तान्ह्या बाळाचे तोंड तर कधीच झाकले जाऊ नये. त्याला हाताने पांघरूण दूर सारता येत नाही.

दमटपणा हा ऊबेचा मोठा शत्रू आहे, याचा अनुभव अंटार्क्टिकात गेलेल्या तीन माणसांनी घेतला. कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेतील डॉ. विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरर्ड हे तिघे १९११ च्या जूनअखेरीस, तेथील काळ्याकुट्ट हिवाळ्यात, पेंग्विन पक्ष्यांची अंडी आणण्यासाठी निघाले. पारा शून्याखाली ६० अंशांपर्यंत उतरला होता. त्यांच्याजवळ रेनडिअरच्या कातड्याच्या झोपण्याच्या पिशव्या होत्या. पण रोज रात्री घाम आणि श्वासातील बाष्प त्या पिशव्यांत मुरे आणि दिवसा तेथेच गोठून राही. वाळवायला ऊन नाही, विस्तवाला इंधन नाही. हळूहळू पिशव्या पत्र्यासारख्या ताठ झाल्या. त्यांत शिरण्यासाठी आधी तोंडाकडचा भाग अंगाच्या उष्णतेने वितळवावा लागे, मग इंचाइंचाने पुढे सरकावे लागे. सुमारे पाच आठवड्यांनी ते तिघे तीन अंडी घेऊन जिवंत परतले, तेव्हा पिशव्यांचे वजन दुपटीहून अधिक भरले. वाढलेले सगळे वजन बर्फाचे होते. केसांमधील हवेची जागा बर्फाने घेतली होती. महाराष्ट्रात असा प्रसंग कोणावर येत नाही. येथे हिवाळ्यातही स्वच्छ ऊन पडते, आणि सकाळी दांडीवर गोधड्या वाळत घालणाऱ्या बाईला विल्सन यांना हवी होती ती गोष्ट आयती मिळते. रात्रभराचा दमटपणा त्या उन्हात उडून जातो आणि गोधडी पुन्हा फुगते.

आता शेगडीविषयी. थंडी फार पडली की काही घरांत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले खोलीत आणून ठेवतात, दारे-खिडक्या घट्ट लावतात आणि सगळे निजतात. यासारखी घातक गोष्ट दुसरी नाही. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग रक्त वाहत राहते, पण प्राणवायू पोहोचत नाही. जागा असलेल्या माणसाचे डोके दुखते, त्याला मळमळते, गळल्यासारखे होते. झोपलेल्याला तेवढीही सूचना मिळत नाही. उत्तर भारतात जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली कुटुंबे सकाळी मृत आढळल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत येतात. महाराष्ट्रातही असे घडलेले आहे. धूर येत नाही म्हणजे भीती नाही, ही समजूत चुकीची आहे. लालबुंद निखाऱ्यांतून धूर येत नाही, तरी हा वायू येतच असतो, आणि राखेखाली धुमसणाऱ्या निखाऱ्यांतूनही येतो. खिडकी बोटभर उघडी ठेवली की भागते, असेही समजू नये. निजण्यापूर्वी शेगडी घराबाहेर गेलीच पाहिजे; घरातील मोठ्या माणसाला याचा विसर पडला, तर लहान मुलानेही ते निःसंकोचपणे सांगावे. कोणी अशा खोलीत गुंगलेला दिसला, तर दारे सताड उघडून त्याला प्रथम मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

थंडी पहाटे सर्वांत अधिक का वाजते, हेही पाहण्यासारखे आहे. सूर्य मावळल्यापासून जमीन प्रारणाने आपली उष्णता आकाशाकडे सोडीत असते. आकाशात ढग असले तर ते त्यातील बरीचशी परत पाठवतात. आकाश निरभ्र असले तर ती निघूनच जाते. सूर्य उगवेपर्यंत ही घट चालू राहते, म्हणून पारा सूर्योदयाच्या सुमारास नीचांकावर असतो. अशाच निरभ्र रात्री महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, आणि नाशिक जिल्ह्यातील निफाडकडचे शेतकरी द्राक्षबागा वाचवण्यासाठी बागेत शेकोट्या पेटवतात. योगायोग असा की, माणसाच्या शरीराचे तापमानही पहाटेच्याच वेळी सर्वांत कमी असते. त्यातच रात्रभराच्या उलटसुलट होण्याने पांघरूण पायांवरून सरकलेले असते. पहाटे उठून मुलांच्या अंगावरील गोधड्या सारख्या करणारी आई नेमकी योग्य वेळ साधते.

सगळ्यांच्याच वाट्याला घर आणि गोधडी येते असे नाही. रब्बी ज्वारी हुरड्याला आली की राखणदार शेतातील उंच माळ्यावर रात्री काढतो. वारा चहूबाजूंनी लागतो आणि वर फक्त चांदणे असते. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि संपूर्ण हिवाळा कोप्यांत काढतात. त्या कुटुंबांतील मुले शाळेतील मुलांच्याच वयाची असतात. कोपीच्या भिंतींतून वारा येतो. मग खाली उसाचे वाळलेले पाचट जाड अंथरले जाते, त्यावर पोती आणि पोत्यांवर वाकळ. उघड्या बाजूला दुसरे पोते बांधून वारा अडवला जातो. थोरली मुले कडेला, धाकटी मध्ये, अशी सगळी एका वाकळेखाली निजतात. भल्या पहाटे, बाहेर अजून अंधार असतानाच, आईबाप कोयते घेऊन फडाकडे निघतात. त्यांनी सोडलेल्या जागेची ऊब काही वेळ अंथरुणात तशीच राहते, आणि झोपेतच धाकटे पोर सरकत सरकत तिकडे जाते.